निगोराला सांगायचं राहिलंय

दर रविवारी दुपारी तीनच्या सुमारास आईचा फोन वाजायचा, आणि त्याच्या आधी अर्धा तास संध्या मनात एक वाक्य जुळवत बसायची.

आई, म्हणजे सोजराबाई, जुलैत गेली. नांदेडच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून गेली. पाचव्या दिवशी जलदानाचा विधी झाला, भन्तेजींनी वंदना घेतली, गाव जेवून गेलं. साड्या धुऊन, घड्या घालून ज्यांना द्यायच्या त्यांना दिल्या. राहिला तो फोन. हिंगोलीच्या कॉलेजात मराठी शिकवणारी आणि दर शनिवारी दुपारच्या बसनं वडिलांकडं गावी येणारी ही बेचाळीस वर्षांची बाई गेलेल्या आईच्या फोनचं रिचार्ज दर महिन्याला न चुकता मारत होती. कारण त्या फोनवर निगोरा बोलायची, आणि निगोराला अजून सांगायचं राहिलं होतं.

निगोरा ताजिकिस्तानची. वख्श नावाच्या नदीकाठी तिचं गाव, आणि त्या नदीच्या कालव्यांवर सगळा कापूस. अकरा वर्षांपूर्वी ती परभणीला शेतीचं शिकायला आली. कालव्याच्या पाण्यावरचा कापूस असा काहीतरी तिचा विषय होता आणि त्यासाठी वेचणीच्या हंगामात एक महिना खेड्यात राहायचं होतं. तिच्या सरांनी किशनरावांना विचारलं. किशनराव म्हणजे संध्याचे वडील, सिद्धेश्वरच्या कालव्यावर पाटकरी होते. कोणत्या शेताला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. ते सरांना म्हणाले, "पोरगी भाकर खाती का तेवढं सांगा. बाकी बघून घेऊ."

पोरगी भाकर खात होती आणि हिंदी बोलत होती. पण ते हिंदी तिला कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं. तिच्या गावात टीव्हीवर हिंदी सिनेमे लागायचे, लग्नात हिंदी गाणी वाजायची, तिच्या एका मावशीचं नाव राधा होतं. आजोबांनी म्हणे कुठल्याशा सिनेमातली राधा बघून ठेवलेलं. हिंदुस्तान कसा असतो हे निगोराला लहानपणापासून पाठ होतं. फक्त तिनं तो कधी बघितला नव्हता.

ती आली त्या दिवसाची गोष्ट गावात अजून सांगतात. जीपमधून उतरली, डोक्यावर ओढणी घेतली आणि दारात येऊन मान खाली घालून उभी राहिली. आत येईचना.

आईनं आतूनच विचारलं, "काहून उभी राहिली हो ही? पाय मुरगाळला का काय?"

किशनराव हळूच म्हणाले, "सिनेमात पावणी आली की दारात ववाळतेत. त्याची वाट बघून राहिली असंल."

"ते आपल्यात न्हाई."

"न्हाई ते मला बी ठावं हाय. पर येवढ्या लांबून आली. तिनं मनात काय काय धरलं असंल, ते दारातच कसं मोडावं?"

आईनं थोडा वेळ विचार केला. छप्पन सालापासून ज्या घरात आरतीचं ताट नव्हतं, त्या घरात ती ते एका पावणीसाठी आणणार नव्हती. ती बादली आणि तांब्या घेऊन बाहेर आली, वाकली आणि निगोराच्या पायांवर पाणी घालायला लागली. निगोरा ढसाढसा रडायला लागली. त्या दिवशी तिनं घरी कळवलं की सिनेमात दाखवतात ते सगळं खरं नाही. खऱ्या हिंदुस्तानात आई पावण्याचे पाय धुते. हे आईला कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हा ती चिडलीच. "अगं माय, गुडघ्यापातूर चिखल होता तिच्या पायाला! म्या आत्ताच घर सारवलं व्हतं!"

मग निगोरानं घरभर फिरून देवघर शोधलं. भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते, पण सिनेमातल्यासारखं घंटा लावलेलं देवघर नव्हतं. ती काळजीनं म्हणाली, "मांजी, जब आपको भगवान से लड़ना होता है, तो आप कहां लड़ती हैं?"

"म्या देवाशी कशाला भांडू?" आई म्हणाली. "म्या डायरेक ग्रामसेवकाशी भांडते."

शेजारच्या धुरपताबाईला त्या पोरीचं बोलणं ऐकायची इतकी गोडी लागली की ती काम टाकून येऊन बसायची. "ही बोलती ना, तवा मागं कुठं तरी बाजा वाजून राहिल्यावाणी वाटतं बघ," म्हणायची.

संध्या तेव्हाही शनिवारीच गावी यायची. पहिल्या शनिवारी ती अंगणात आली, खांद्यावरची पिशवी उतरवायच्या बेतात होती, आणि तिला चुलीसमोरचं दिसलं. आई निगोराला भरवत होती. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, त्यावर भरीत, आणि पोरगी तोंड उघडून बसलेली. संध्याला आठवत होतं तिथपर्यंत आईनं तिला कधी भरवलं नव्हतं. आई मायेची नव्हती असं नाही. सहा मैल चालत जाऊन तिची फी भरणारी, तापात रात्रभर कपाळावर फडकं बदलणारी बाई. पण ती जवळ घेणारी नव्हती. हात पाठीवरून फिरायचा नाही, शब्द गोड व्हायचा नाही. संध्यानं ते मान्य केलं होतं. काही माणसं अशी असतात, असं तिनं पुस्तकांत खूप वाचलं होतं.

आईचं लक्ष गेलं. घास धरलेला हात क्षणभर हवेतच राहिला. मग तिनं तो ताटात ठेवला, पदराला हात पुसला आणि म्हणाली, "आलीस व्हय? भाकर संपली. थांब, तुला टाकते."

संध्या पिशवी उतरवून हातपाय धुवायला गेली. त्याबद्दल ती अकरा वर्षांत कधीच बोलली नाही. निगोरा परत गेली, तिकडं कापसाच्या संशोधनाच्या एका कचेरीत लागली, लग्न झालं, आणि दर रविवारी मांजीशी बोलत राहिली. संध्याला ती आवडायची. आणि ती आवडायची तरी तिच्याशी बोलून झालं की संध्याला उगाच भांडी घासावीशी वाटायची.

नांदेडच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना, आईनं संध्याला आणि किशनरावांना जवळ बोलावलं होतं. "निगोराला सांगू नका," म्हणाली. "दोनदा गेलंय तिचं. आता सातवा लागलाय. बाळंत होऊ द्या, मंग सांगा."

म्हणून सांगितलं नाही. पहिल्या रविवारी फोन आला तेव्हा संध्यानं तो वाजू दिला, आणि नंतर मेसेज केला की आई शेतात गेलीय. दुसऱ्या रविवारी उचलला, आणि आई कळमनुरीच्या बाजाराला गेलीय म्हणाली. तिसऱ्या रविवारी आई एका लग्नाला गेली. एकदा आईचा घसा बसला. ऑक्टोबरात संध्यानं आईला नागपूरला दीक्षाभूमीवर पाठवलं. तिथं जायचं आई दरवर्षी ठरवायची आणि दरवर्षी वेचणी आडवी यायची. त्या दिवशी तिनं निगोराला सगळं सविस्तर सांगितलं. गर्दी किती होती, आईचे पाय कसे दुखले, तिनं कोणती पुस्तकं आणली. सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं की आपण रविवारची वाट बघायला लागलोय. सगळीकडं आई मेली होती. गावात, कॉलेजात, रेशनकार्डावर. एका वख्श नदीच्या काठी तेवढी ती अजून चालत-फिरत होती, बाजाराला जात होती. ते एक ठिकाण संध्याला हातचं घालवायचं नव्हतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला निगोराला मुलगी झाली. पण तिकडं बाळंतिणीला चाळीस दिवस जपतात, वाईट काही कानावर पडू देत नाहीत. चिल्ला म्हणतात त्याला. किशनरावांना शब्द ओळखीचा होता, गावातल्या मुसलमान घरांत तो चालायचा. ते कॅलेंडरवर खुणा करत होते. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी ते म्हणाले, "आज चाळीस झाले."

"पुढच्या रविवारी सांगू, बाबा."

"काहून?"

"बाळ लहान आहे अजून."

किशनरावांनी चहाची कपबशी खाली ठेवली. ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "चार महिने झाले, संध्या. कधी तिला शेतात धाडतीस, कधी बाजारात, कधी नागपूरला. मेलेल्या माणसाला किती दिस कामाला लावशीन? बसू दे की तिला आता."

संध्या उठून आत गेली. भांडी घासलेलीच होती. तिनं ती पुन्हा घासली.

तीनला पाच कमी असताना फोन वाजला. व्हिडिओ कॉल. संध्यानं मनात वाक्य तयार ठेवलं होतं, की आई हळदीला पाणी द्यायला गेलीय, मोटर बिघडलीय, उशीर होईल. तिनं हिरव्या खुणेवर बोट ठेवलं, आणि पडदा उजळला तशी ती वाक्य विसरली.

पडद्यावर दोघी नटून बसल्या होत्या. निगोरानं साडी नेसली होती, परभणीतून नेलेली निळी साडी, पदर चुकीच्या खांद्यावर. तिच्या शेजारी तिची आई. सगळे तिला ओचा म्हणायचे, त्यांच्या भाषेत ओचा म्हणजे आई. जाडजूड, लाल गालांची बाई, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि रुमालाच्या खाली, कपाळाच्या मध्यावर, रुपयाएवढी लाल टिकली. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. लेकराच्या कपाळालाही टिकली.

"दीदी!" निगोरा ओरडली. "आज मैं आज़ाद हूं! मांजी को बुलाइए! ओचा सुबह से तैयार बैठी है। कहती है, हिंदुस्तानी मां के सामने ऐसे ही नहीं जाते।"

ओचानं हात जोडले. "नमस्ते! नमस्ते!" तिला येत होतं ते हिंदी ती मोठ्यानं बोलायची, म्हणजे तेवढं लांब ऐकू जावं.

संध्यानं तोंड उघडलं. मागं खाट करकरली. किशनराव येऊन तिच्या शेजारी बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

सांगायचं कसं, हा प्रश्न तिला त्या क्षणापर्यंत पडलाच नव्हता. मराठीत सांगावं तर निगोराला अर्धवट कळेल. इंग्रजी तिला जुजबीच येत होतं. दोघींमध्ये भाषा एकच, ते सिनेमातलं हिंदी. आणि त्या हिंदीत ही गोष्ट सांगायला एकच वाक्य होतं. ते वाक्य पडद्यावर आलं की संध्या आयुष्यभर नाक मुरडत आली होती. कुठली लेक असं बोलते, म्हणायची.

"निगोरा," ती म्हणाली, "मां नहीं रही।"

पलीकडं कुणी हललं नाही. नेट अडकलं की काय असं वाटावं इतकं. मग लेकरानं मूठ उघडली आणि मिटली.

"कब?"

"जुलैत. जुलाई में."

"जुलाई." निगोरानं बोटांवर काहीतरी मोजलं. तिचा चेहरा आधी रागानं आवळला. "चार महीने, दीदी? बाजार गई, शादी में गई... नागपुर? नागपुर भी नहीं गई?"

"नागपुर भी नहीं," संध्या म्हणाली. "तेरे पेट में बच्चा... आईनंच सांगितलं होतं, सांगू नका म्हणून."

किशनराव पुढं सरकले. "बेटा, उसकी कसम थी," ते आपल्या दखनी हिंदीत म्हणाले. "तेरे को तकलीफ नको बोली. गुस्सा करना तो मेरे पे कर."

ओचा निगोराचा दंड हलवत होती, काय झालं, काय झालं. निगोरानं तिला दोन शब्दांत सांगितलं. ओचानं लेकरू निगोराच्या हातात दिलं आणि फोनच्या अगदी जवळ आली. नुसता तिचा चेहरा. "मां," ती म्हणाली. "हाय मां. हाय मेरी बहन. भगवान." मोडकं नव्हतं ते. बाजारात काय मागावं, रस्ता कसा विचारावा, याचं हिंदी तिला येत नव्हतं; दुःखाचं हिंदी तिला पूर्ण येत होतं. चाळीस वर्षं ती ते शिकत आली होती.

मग तिनं हात वर नेला आणि कपाळावरची टिकली नखानं काढायला लागली. सिनेमात माणूस गेलं की कुंकू पुसतात, हे तिनं पाहिलेलं होतं. कोण गेलं की कुणी पुसायचं, हे काही तिला ठाऊक नव्हतं.

"नको, नको!" किशनराव एकदम म्हणाले. "राहू दे म्हणावं, संध्या, राहू दे. ते न्हाई काढायचं. तिच्यासाठी लावली ना? सोजराला आवडली असती."

संध्यानं सांगितलं, निगोरानं तिकडं सांगितलं. ओचाचं बोट तसंच टिकलीवर थांबलं. मग तिनं ती पुन्हा दाबून बसवली, जरा तिरकी, आणि संध्याकडं बघत राहिली. मग आपल्या भाषेत काहीतरी विचारलं.

निगोरा लेकराचं दुपटं सारखं करायला लागली.

"काय म्हणते?" संध्यानं विचारलं.

"छोड़िए, दीदी."

"सांग."

"ओचा पूछती है... हिंदुस्तानी लोग तो बहुत रोते हैं. उसने देखा है. मां मरती है तो बेटी कितना रोती है. ये क्यों नहीं रोती? इसके पास कोई बैठा नहीं क्या?"

संध्या हसली. हसू नको तिथं हसू आलं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. चार महिने गावातल्या बायका तिच्या माघारी हेच बोलत होत्या हे तिला माहीत होतं. शिकलेली आहे ना, आतल्या आत ठेवती. तोंडावर विचारणारी ही पहिलीच.

आणि मग जे बोलायचं नव्हतं तेच तिच्या तोंडून गेलं. आवाज न चढवता, वर्गात तारीख सांगावी तसं. "तुझी ती सिनेमातली आई होती, निगोरा. तुला भरवायची. मला नाही भरवलं कधी. मी कशी रडू, ते मला कळत नाही."

किशनरावांनी तिच्याकडं चमकून पाहिलं.

निगोरानं लेकरू ओचाकडं दिलं. चुकीच्या खांद्यावरचा पदर तिनं ओढून घेतला. "दीदी, आपको किसने कहा कि मांजी अपने आप खिलाती थी?" ती म्हणाली. "मैंने मांगा था. पहले दिन. मैंने सोचा, हिंदुस्तान में मां हाथ से खिलाती है, मैं इतनी दूर आई, और ये थाली रखकर चली गई! मैं खाऊं ही ना. बैठी रही. मांजी बोली, 'काहून?' मैंने हाथ पकड़कर दिखाया, ऐसे." तिनं आपल्याच तोंडाशी हात नेला. "मांजी बहुत शरमाई. बोली, माझ्या लेकीला न्हाई आवडत हे."

ते शेवटचं वाक्य ती मराठीत बोलली. आईच्या सुरात.

"मी कधी म्हटलं असं?"

"बस का टाइम था, बोली. आप पढ़ने जा रही थी, हॉस्टेल. मांजी ने रोटी खोली, और आपने कहा..." निगोरा थांबली. हे वाक्यही तिला मराठीतच पाठ होतं. "आई, सिनेमा करू नको."

संध्याला औंढ्याचा बसस्टँड दिसला. दहावीनंतरचा जून. पत्र्याची ट्रंक, शाळेतल्या दोन मैत्रिणी सोडायला आलेल्या, एकीच्या पायात सँडल. आईनं धुडक्यात बांधून आणलेलं दशमीचं गाठोडं उघडलं, एक तुकडा मोडला आणि तिच्या ओठांपाशी आणला. आईचे डोळे भरलेले होते, ते तर आणखीच वाईट. मैत्रिणी बघत होत्या. संध्यानं मान मागं घेतली आणि ते बोलली, दात आवळून, हळू. आईनं तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. चावत चावत गाठोडं पुन्हा बांधलं, गाठ नीट बसली का बघितलं आणि तिच्या हातात दिलं.

सव्वीस वर्षं. संध्या हे विसरून गेली होती. आईनं ते जपून ठेवलं होतं. डूख धरून नव्हे, लेकीची एक आवड-नावड लक्षात ठेवावी तसं. एकीला वांगं चालत नाही, एकीला हे चालत नाही.

"और बोली," निगोरा सांगत होती, "तू मांगती है तो देती हूं. उसने कभी मांगा नहीं. मैं पूछूं तो उसको बुरा लगेगा."

संध्यानं फोन किशनरावांच्या हातात दिला. भिंतीला टेकून खाली बसली, पदर तोंडात धरला, पण आवाज थांबला नाही. तो आवाज पुस्तकातल्यासारखा नव्हता. वाईट, घोगरा, गुरासारखा आवाज होता. किशनराव एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं तिचं डोकं थोपटत राहिले. वख्शकाठी ओचा तिच्याबरोबर रडली. मोठ्यानं, हात उरावर आपटून, आणि मधेच लेकराला थोपटून. आई मेली तर असं रडतात, याची त्या बाईला खात्री होती, आणि त्या दुपारी तरी तिचं बरोबर होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. लेकरू भुकेनं ओरडायला लागलं तेव्हा दोन्हीकडं जरा शांत झालं. ओचानं नाक पुसलं आणि विचारलं, "कहां?" मग निगोराकडून पुढचं विचारवून घेतलं. मांजीची कबर कुठं आहे? तिला दुवा मागायची होती.

"कबर नहीं है," किशनराव म्हणाले. "राख खेत में डाली. ऊपर जांभूळ लगाया."

"तो खेत दिखाओ."

"अभी?"

ओचा काय म्हणाली ते निगोराला सांगावं लागलं नाही. सबंध चेहऱ्यानं म्हणाली, मग कधी?

म्हणून तिघं-चौघं शेताकडं निघाले, म्हणजे संध्या आणि किशनराव पायी, आणि हातातल्या फोनमध्ये त्या. शेत कालव्याच्या पलीकडं, दहा मिनिटांवर. संध्याचे डोळे सुजलेले होते आणि वाटेत भेटलेल्या दोघांनी ते पाहिलं. तिनं तोंड फिरवलं नाही. कालवा आला तशी निगोरा म्हणाली, थांबा, ओचाला पाणी दाखवा. ओचानं पाणी पाहिलं, आमच्याकडं याहून रुंद आहे म्हणाली.

जांभळाचं रोप बांधाच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढं, भोवती काट्यांचं कुंपण. संध्यानं फोन समोर धरला. ओचानं दोन्ही तळहात उघडून वर धरले, ओठ हलवले, आणि शेवटी तळहात चेहऱ्यावरून फिरवले. किशनरावांनी हात जोडले आणि त्रिशरण म्हटलं. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं आणि एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नव्हता.

मग ओचाचं लक्ष मागं गेलं. "पख्ता!" ती ओरडली. "निगोरा, पख्ता!"

"कपास," निगोरा म्हणाली. "दीदी, कॅमेरा उधर."

रोपाच्या मागं सगळी पऱ्हाटी फुटलेली होती, दुपारच्या उन्हात पांढरी. धुरपताबाई आणि आणखी दोघी कमरेला झोळी बांधून वेचत होत्या. ओचा इतकी पुढं आली की पडद्यावर नुसता एक डोळा आणि तिरकी टिकली उरली. ती भराभर बोलत होती, निगोरा धापा टाकत सांगत होती. ओचानं बत्तीस वर्षं कापूस वेचला. दहाव्या वर्षापासून. शाळेला सुट्टी देऊन न्यायचे. निगोरा सांगायची हिंदुस्तानात कापूस आहे, पण तिचा खरा विश्वास बसला नव्हता.

"कहती है, इतनी फिल्में देखी," निगोरा म्हणाली, "बाग देखा, पहाड़ देखा, बर्फ में गाना देखा. कपास चुनती औरत एक बार भी नहीं देखी. छुपाकर क्यों रखा?"

"ते आम्हाला विचारून सिनेमे काढत नाहीत म्हणावं," किशनराव म्हणाले.

ओचानं आपले हात वर करून दाखवले. बोटांची टोकं जाड, नखांच्या कडेला जुने काळे ओरखडे. सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी होतात ते. संध्यानं तसे हात आयुष्यभर पाहिले होते, एका ताटापलीकडून.

"कोण हाय गं फोनमधी?" धुरपताबाईनं ओळीतूनच विचारलं. "बाजावाली पोरगी का?"

"तिची आई आहे, मावशी. ओचा."

"आगं बया! टिकली काय मोठी लावलीय! रामराम म्हणा त्यास्नी." धुरपताबाई वेचता वेचताच जवळ आली. फोटोत नीट दिसावं म्हणून तिनं पदर सारखा केला आणि आपण कसं वेचतो ते दाखवायला चार बोंडं पटापट उडवली.

ओचा बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. ती काहीतरी बोलली, बोट रोखून, चढ्या आवाजात.

निगोरा हसायला लागली. रडून सुजलेल्या डोळ्यांनीच. "दीदी, सॉरी. ओचा कहती है, इनको बोलो, जल्दी मत करो. आधा कपास बोंड में छोड़ रही है."

संध्यानं ते धुरपताबाईला सांगितलं.

धुरपताबाईचे हात थांबले. तिनं झाडाकडं पाहिलं. खरंच, दोन बोंडांच्या तळाशी पांढरं राहिलं होतं. "घ्या," ती बाकीच्या दोघींकडं वळून म्हणाली. "सोजराकाकू गेली, आता जरा मोकळं वेचू म्हणलं, तर ही एक पार तिकडून बघून राहिली."

दोघी हसल्या. पडद्यावर ओचा अजून बोलतच होती, आता हातवारे करून, तीन बोटं बोंडात कशी घालायची आणि सगळी पाकळी एका ओढीत कशी आणायची ते. निगोरानं भाषांतर करणं सोडून दिलं होतं. ऊन कलायला अजून तासभर होता. संध्यानं फोन डाव्या हातात घेतला, उंच धरला, म्हणजे ओचाला दिसेल असा, आणि उजव्या हाताची तीन बोटं पहिल्या बोंडात घातली.

"ऐसे?" तिनं विचारलं.

"नहीं," ओचा म्हणाली. "फिर से।"